ताइताचा नियम

1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा एक खेळ प्रसिद्ध केला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एक पात्र घेतो. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. एक जण सूत्रधार असतो, त्याला ‘डंजन मास्टर’ म्हणतात. तो प्रसंग सांगतो, आपले पात्र काय करील ते बाकीचे सांगतात आणि जमले की फसले हे फाशांवर ठरते. मोठ्या शहरांत शिकायला गेलेली मुले आता हा खेळ खेळतात. अमर अय्यारच्या जंबिलीत सारी दुनिया कशी मावते हे ज्यांनी अमीर हमजाच्या दास्तानीत ऐकले आहे, त्यांना या खेळातल्या जादूच्या वस्तू परक्या वाटणार नाहीत. फरक एवढाच की जंबील दास्तानगोच्या मर्जीने चालते, तर खेळात प्रत्येक वस्तूचे गुण आणि मर्यादा पुस्तकात छापलेल्या असतात.

या पुस्तकात विषापासून रक्षण करणारा एक ताईत आहे. नाजूक साखळी आणि तिच्यात काळा खडा. तो गळ्यात असेपर्यंत विष बाधत नाही, इतकाच त्याचा नियम. पण खेळायला बसले की या एका ओळीवरून वाद सुरू होतो. सापाने दंश केला तर विष लागणार नाही हे ठीक, पण दाताच्या जखमेचे काय? (खेळाच्या नियमांत ती जखम वेगळी मोजतात, ताईत तिला अडवत नाही.) दारू हे विष धरायचे का? विष आधी भिनले आणि ताईत नंतर घातला, तर?

असे वाद सोडवण्याच्या तीन रीती या खेळाडूंनी मानल्या आहेत. पहिली, नियमाचा शब्द जसा छापला आहे तसा घ्यायचा. दुसरी, नियम करणाऱ्याचा हेतू काय होता ते पाहायचे. तिसरी, ज्या अर्थाने खेळ रंगेल तो अर्थ घ्यायचा. शेवटचा निर्णय सूत्रधाराचा. तो चुकला तरी बिघडत नाही. पात्र मेले तर खेळाडू कागद बाजूला ठेवतो आणि नवे पात्र लिहायला घेतो.

मला प्रश्न पडतो तो पुढचा. ताईत खरा असेल, साप खरा असेल आणि मरणारा माणूसही खरा असेल, तर नियमाचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाचा? आणि तो कोणत्या रीतीने लावायचा?

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न दर पावसाळ्यात उभा राहतो. मृग लागला की पेरणी, मग डवरणी, निंदण. कापसाच्या, सोयाबीनच्या वावरात बाया-माणसे दिवसभर वाकलेली असतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप याच दिवसांत माणसाच्या वाटेत येतात. भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58 हजार माणसे मेली, असा अंदाज 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दिला आहे. त्यातले बहुसंख्य खेड्यांतले. दंडाला ताईत बांधून वावरात जाणारा शेतमजूर आपल्याकडे हिंदूही असतो, मुसलमानही असतो आणि आदिवासीही असतो. या बाबतीत आपली एकी मोठी आहे.

या ताइताचा नियम मात्र कुठेच छापलेला नाही. तो कशापासून राखतो, किती राखतो, कधी राखत नाही, हे देणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. दंश झालेला माणूस वाचला तर ते ताइताचे यश. दगावला तर परहेज मोडले असेल, यकीन कच्चा असेल, किंवा मौतची घडी भरली असेल. म्हणजे निकाल काहीही लागो, नियम खोटा ठरत नाही. खेळातल्या कोणत्याही सूत्रधाराला खेळाडू इतकी मोकळीक देणार नाहीत. ते म्हणतील, नियम आधी सांगा, मग फासे टाकू.

यश मिळते हे खरे आहे, म्हणूनच विश्वास टिकतो. पण त्याची कारणे समजून घेतली पाहिजेत. बहुतेक साप बिनविषारी असतात. विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असे नाही. अशा दंशावर दम केला काय, पाला चोळला काय आणि काहीच केले नाही काय, माणूस वाचतोच. उलट मण्यार रात्री झोपेत चावते, पुष्कळदा दुखतही नाही, खूणही नीट दिसत नाही. काही तासांनी पापण्या मिटू लागतात, मग श्वास अडतो. घोणस चावली तर रक्त गोठण्याची क्रियाच बिघडते. घोड्याच्या रक्तापासून तयार केलेली प्रतिविषाची लस या चारही सापांवर चालते, पण ती वेळेवर टोचली गेली तर. वेळ हाच इथे जीव आहे.

महाराष्ट्रात या वस्तूंविषयी एक छापील नियम आता आहे. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्याच महिन्यात जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. त्याच्या अनुसूचीत बारा प्रकार आहेत. पुष्कळांचा समज आहे की या कायद्याने ताईत बांधणे गुन्हा ठरले. तसे नाही. घरात, मंदिरात, दर्ग्यात, चर्चमध्ये कोणाला शारीरिक इजा न करता होणारी प्रार्थना-उपासना त्याने वगळली आहे. गुन्हा आहे तो साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून त्याऐवजी मंत्र-तंत्र, गंडा-दोरा करण्याचा.

आता ‘रोखणे’ या शब्दाचा अर्थ काय? हात धरून अडवले तरच रोखले? ‘दवाखान्यात नेऊ नका’ असे तोंडाने म्हटले तर? आणि काहीच न म्हणता, ‘बसा, एवढे पढून होऊ द्या’ म्हणून दोन तास बसवून ठेवले तर? केवळ शब्दाला धरून बसणारा म्हणेल, मी कोणाला अडवले नाही, दार उघडेच होते. पण हा नियम कशासाठी केला, असे विचारले तर उत्तर एकच येते: प्रतिविष वेळेत मिळावे म्हणून. त्या हेतूने पाहिले तर ते दोन तास हेच रोखणे आहे.

शब्द की हेतू, हा वाद आपल्याला नवा नाही. अहजाबच्या लढाईनंतर पैगंबरांनी (स.) साथीदारांना बनू कुरैजाच्या वस्तीत पोहोचूनच असरची नमाज पढण्यास सांगितले. वाटेतच वेळ निघून जाऊ लागली. काहींनी शब्द धरला आणि ते नमाज न पढता चालत राहिले. काहींनी हेतू पाहिला, की सांगण्याचा मतलब लवकर पोहोचा असा होता, आणि वाटेतच नमाज पढली. पैगंबरांनी दोघांपैकी कोणालाच दोष दिला नाही.

मग दंशाच्या बाबतीतही दोन्ही अर्थ चालवून का घेऊ नयेत? विशेषतः जेव्हा दम करणारे एका प्रसिद्ध हदीसचा दाखला देतात. विषारी दंश झालेल्या एका टोळीप्रमुखावर सहाबींनी सूरह फातेहा पढून दम केला, तो बरा झाला आणि मोबदल्यात बकऱ्या मिळाल्या. पैगंबरांनी ते मान्य केले. दाखला खरा आहे. पण त्या प्रसंगात त्या माणसाला कोणत्याही इलाजापासून कोणी दूर ठेवले नव्हते. आणि इलाज करावा का, असे विचारणाऱ्या बदूंना पैगंबरांनी इलाज करा असेच सांगितले. म्हातारपण सोडले तर प्रत्येक आजारावर अल्लाहने दवा ठेवली आहे, असे ते म्हणाले. एक हदीस घेऊन दुसरी झाकून ठेवणे याला अर्थ लावणे म्हणत नाहीत.

दुसरे आणि माझ्या मते मोठे कारण असे. बनू कुरैजाच्या वाटेवर ज्याने जो अर्थ लावला, त्याची जोखीम त्याची स्वतःची होती. इथे अर्थ आमिल लावतो आणि जोखीम निंदायला गेलेल्या बाईची असते. ज्याची किंमत दुसऱ्याला मोजावी लागणार आहे, तो अर्थ लावताना आपल्याला सूट नसते. चौदाव्या शतकात ग्रॅनाड्याच्या इमाम शातिबींनी शरीयतचे जे पाच मकासिद विस्ताराने मांडले, त्यांत दीनबरोबर जीवाचे रक्षण आहे. जिथे शंका असेल तिथे जीव राखणारा अर्थ घ्यावा, यापेक्षा वेगळे यातून काय निघते?

यावर एक उत्तर येते आणि ते टाळण्यासारखे नाही. झरी-जामणी किंवा उमरखेडच्या टोकाच्या गावाहून यवतमाळचे शासकीय रुग्णालय लांब आहे. रात्री गाडी मिळत नाही. आमिल शेजारी आहे, तो पैसे मागत नाही, धीर देतो. हे खरे आहे, आणि लस जवळच्या आरोग्य केंद्रात असावी, गाडी मिळावी, यासाठी भांडणे हे आपलेच काम आहे. पण धीर गाडीत बसूनही देता येतो. फातेहा वाटेतही पढता येते. आधी उंट बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही शिकवण मुलांना मदरशात पहिल्या वर्षातच मिळते.

ताईत जायज की नाजायज, यावर उलमांत जुना मतभेद आहे. तो मी इथे सोडवणार नाही, तेवढा माझा अधिकारही नाही. मागणे इतकेच की ताईत देणाऱ्याने त्याचा नियम तोंडाने सांगावा: हा दुआ आहे, दवा नाही, साप चावला तर माझ्याकडे येऊ नका, आधी दवाखान्यात जा. पावसाळ्याच्या सुरुवातीच्या एखाद्या जुम्याला इमामसाहेबांनी मिंबरवरून हेच सांगावे. गावातला आमिल हे म्हणाला तर लोक डॉक्टरपेक्षा त्याचे लवकर ऐकतील. खेळाच्या टेबलावर मुले एवढा नियम आधी ठरवून घेतात, आणि तिथे तर फक्त कागदावरचे पात्र मरणार असते.