उच्चाराचे दहा गुण

नागपुरातील एका शाळेत कर्णबधिर विद्यार्थ्यांच्या वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो, तेव्हा माझ्या हाती दिलेला गुणांचा तक्ता इतर शाळांतून वर्षानुवर्षे चालत आलेलाच होता: विषयप्रतिपादन, हावभाव, वेळेचे भान आणि उच्चाराला दहा गुण. हा शेवटचा रकाना कोरा ठेवावा की खोडावा, याचा निकाल लागण्यापूर्वीच नववीतील एक मुलगी मंचावर आली आणि मेघदूतावर बोलू लागली. बोलू लागली म्हणजे खुणांच्या भाषेत, आणि ध्वनिक्षेपकापाशी उभ्या असलेल्या तिच्या बाई त्याचे मराठी करून आम्हांला ऐकवीत होत्या. डावी मूठ तिने रामटेकच्या टेकडीसारखी स्थिर धरली, उजव्या हाताच्या सैल बोटांनी तिच्यावरून ढग अलगद उचलला आणि उत्तरेकडे नेता नेता उज्जयिनीपाशी तो असा रेंगाळवला की, पुढच्या रांगांतील मुले खुदकन हसली. बाईंचा आवाज त्या हास्यामागून, दोन क्षण उशिरा, पोहोचला. त्या सभागृहात मागे पडलेले आम्ही ऐकणारेच होतो.

आपला धर्म मोठ्या अंशी कानाचा धर्म आहे. वेदांना आपण श्रुती म्हणतो, नवविधा भक्तीचा आरंभ श्रवणापासून होतो, वेदान्ताचा साधकही श्रवणावाचून मननाकडे वळत नाही, आणि गुरुमंत्र तर कानातच सांगावयाचा असतो. नेत्रहीनाला या परंपरेने प्रज्ञाचक्षू हा बहुमानाचा किताब दिला, आमच्या विदर्भात गुलाबराव महाराजांच्या ठायी तो शोभूनही दिसला. बहिऱ्यासाठी मात्र त्या तोडीचा शब्द कोणाला सुचला नाही. उलट स्मृतिकारांनी जन्मतः बहिऱ्या-मुक्याला वडिलोपार्जित मिळकतीत वारसाहक्क नाकारून केवळ पोटगीवर ठेविले, आणि मिताक्षरा मानणाऱ्या कुटुंबांतील हा शिरस्ता मोडावयास १९२८ चा कायदा यावा लागला.

यावर आपल्याकडील विद्वानांचे एक ठरीव उत्तर असते, की दक्षिणामूर्तीने मौनातूनच शिष्यांचे संशय फेडले, सबब मुकेपणात न्यून असे काहीच नाही. हे उत्तर मला पटत नाही. ज्याला बोलता येते त्याने न बोलणे हे मौन. ती मुलगी मौनात मुळीच नव्हती, चांगली बडबडी होती! परा, पश्यंती, मध्यमा, वैखरी या वाणीच्या चार पायऱ्यांपैकी कंठाची व ओठांची गरज शेवटच्या पायरीलाच लागते, आणि ती पायरी हातांनी चढता येत नाही असे कोणत्या शास्त्राने ठरविले आहे? १८८० साली मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने मात्र तसे ठरविले, आणि त्या ठरावानंतर कित्येक पिढ्यांच्या मुलांना वर्गात हात आवरून बसावे लागले. आरशासमोर बसून, बाईंच्या गळ्याचा कंप तळहाताने चाचपीत एकेक अक्षर कमावणे ही तपश्चर्याच आहे, आणि ज्याला ती साधते त्याने ती अवश्य करावी. परंतु बाबा, पापा आणि मामा हे तिन्ही शब्द ओठांवर सारखेच दिसतात, हे कोणीही आरशात पाहून घ्यावे.

भाषण संपले, पुढच्या रांगांनी दोन्ही हात वर करून पंजे हलविले, आणि मी पेन्सिल घेऊन तसाच बसलो. गुण द्यावयाचे ते तिच्या हातांना की बाईंच्या मराठीला, हे मला कळेना. शेजारी शाळेतील एक कर्णबधिर शिक्षक बसले होते. त्यांनी माझा तक्ता ओढून घेतला, उच्चाराच्या रकान्यावर बोट ठेविले आणि बाईंना जवळ बोलावून, त्यांच्या मुखाने मला समजाविले, की हाताचा आकार, त्याची जागा आणि त्याची हालचाल यांतले एक जरी बदलले तरी शब्द बदलतो. अमेरिकेत विल्यम स्टोकी यांनी १९६० साली जे ग्रंथरूपाने मांडले, ते या शिक्षकांनी चार खुणांत दाखविले. तेव्हा रकाना योग्यच होता, तो वाचण्याची पात्रता परीक्षकाकडे नव्हती.

"मग किती देऊ?" मी विचारले.

"आठ," बाई म्हणाल्या. "सर म्हणतात, अलकानगरी आली तिथं तिची बोटं घाईत मिटली. शब्द नीट उमटला नाही. दोन कापा."