दुसऱ्याच्या ताटाचे माप

रत्नागिरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या उपाहारगृहात काही काळापूर्वी जेवणाचा योग आला. भिंतीवर मोठा फलक होता. शीतपेयाच्या एका बाटलीत साखरेचे चमचे किती, एका समोशात तेल किती, याचा हिशेब त्यावर चित्रांनिशी मांडलेला होता. २०२५ च्या जून महिन्यात केंद्रीय आरोग्य खात्याच्या सचिवांनी शासकीय खात्यांना व संस्थांना पत्र लिहून कार्यालयांत असे ‘तेल व साखर फलक’ लावण्याचे सुचविले होते. नागपूरच्या एम्सचे नाव त्या वेळी वर्तमानपत्रांत बरेच गाजले. सिगारेटच्या पाकिटावरच्या इशाऱ्यासारखा इशारा आता समोसा-जिलबीवरही येणार, अशी आवई उठली. ही सूचना केवळ कामाच्या ठिकाणांसाठी आहे, रस्त्यावरच्या विक्रेत्यांसाठी नाही, असा खुलासा सरकारला जुलैमध्ये करावा लागला.

फलकाविषयी आमची काही तक्रार नव्हती. परंतु समोरच्या बाकावर बसलेल्या मध्यमवयीन कामगार बाईने आम्हांला पाहताच आपल्या डब्यावर झाकण ओढून घेतले. डब्यात तांदळाची भाकरी होती आणि सुकटीचे कालवण होते. पाहुणे म्हणजे आरोग्य तपासणीचे कोणी अधिकारी असावेत, असा तिचा समज झाला असला पाहिजे. आईने शिकविलेले, आजीने रांधलेले अन्न घामाच्या पैशांनी आणून खाणाऱ्या माणसाला ते झाकून खावेसे वाटावे, ही गोष्ट आमच्या मनातून जाईना. दुसऱ्याच्या ताटाचे माप ठरविण्याचा अधिकार कोणाला असतो आणि तो कोठवर असतो, हा प्रश्न त्या झाकणाने आमच्यापुढे ठेवला.

या उपक्रमांची टवाळी करणे सोपे आहे, आणि ते अन्यायाचेही होईल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात दहा कोटींहून अधिक लोक मधुमेही आहेत आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे काढली, तेव्हा देशातील एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार सदोष आहाराशी निगडित असल्याचे सांगितले. हे आकडे दूरचे नाहीत. आमच्याच धर्मग्रामातील एक गृहस्थ अंगापिंडाने धडधाकट होते, दवाखान्याची पायरी त्यांनी कधी चढली नव्हती. कंपनीच्या शिबिरात बोटाला सुई टोचली तेव्हा रक्तातील साखर तीनशेच्या वर निघाली. ते शिबिर झाले नसते तर डोळे किंवा पाय जाईपर्यंत त्यांना काही कळले नसते. त्यांच्या घरी त्या शिबिराविषयी कृतज्ञतेनेच बोलले जाते, आणि आम्ही त्यांच्यासमोर तत्त्वज्ञान सांगत बसलो तर ते आम्हांला दाराबाहेर काढतील.

मग अशा योजनांनी माणसांचे खाणे खरोखर बदलते काय? अमेरिकेतील एका मोठ्या दुकानसाखळीत याचा पद्धतशीर शोध घेण्यात आला आणि त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. १६० ठिकाणचे सुमारे तेहतीस हजार कर्मचारी. त्यांपैकी वीस ठिकाणे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून तेथे आरोग्य व आहाराचे वर्ग चालविले. दीड वर्षाने त्या वीस ठिकाणचे अधिक लोक ‘आम्ही व्यायाम करतो, वजनाकडे लक्ष देतो’ असे सांगू लागले. परंतु वजन, रक्तदाब, रक्तातील साखर यांत लक्षणीय फरक आढळला नाही, आणि औषधोपचाराचा खर्चही घटला नाही. लोकांच्या तोंडची भाषा तेवढी बदलली. प्रवचने देणाऱ्या व ऐकणाऱ्या आपल्या समाजाला या निष्कर्षाचे फारसे नवल वाटू नये.

याच्या उलट बोस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयाने २०१० साली आपल्या उपाहारगृहात वेगळी वाट धरली. पदार्थांना रस्त्यावरच्या दिव्यांप्रमाणे लाल, पिवळे, हिरवे रंग दिले आणि पाण्याच्या बाटल्या डोळ्यांच्या रेषेत आणून ठेवल्या. लाल खुणेचे पदार्थ कमी खपू लागले, गोड पेये तर बरीच कमी झाली, आणि दोन वर्षांनीही तो परिणाम टिकून होता. तात्पर्य हे की उपदेशापेक्षा मांडणी प्रभावी ठरते.

पण नीतिविचाराच्या दृष्टीने घोडे येथेच अडते. बाटली डोळ्यांसमोर होती म्हणून पाणी घेतले, तर त्यात संयम कोणाचा? पिणाऱ्याचा की मांडणाऱ्याचा? संत थॉमस अक्वायनस यांनी मिताहाराला सद्गुणांत स्थान दिले आणि त्याचे माप विवेकाने ठरते असे मानले. ते माप सर्वांना सारखे नसते, हेही त्यांनी ओळखले होते. सद्गुण पुनःपुन्हा केलेल्या कृतींतून अंगी मुरतो. म्हणून दुसऱ्याने लावून दिलेली चांगली सवय आम्ही कमी लेखणार नाही; प्रत्येक घरातील आई हेच करीत असते. ती लाडू वरच्या फळीवर ठेवते व काकडी ताटात वाढते. मात्र ती गुण मोजत नाही. जेथे ताटातल्या कोशिंबिरीला गुण आणि गुणांना बक्षीस असा व्यवहार सुरू होतो, तेथे माणूस कोशिंबीर बक्षिसासाठी खातो आणि पाळी संपल्यावर फाटकाबाहेर वडापाव भुकेसाठी खातो. संत ग्रेगरी थोर यांनी खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांत अन्नाविषयी अति चोखंदळ असणे हाही एक आहे. दिवसभर उष्मांकांचे गणित करीत बसणारा मनुष्य जिभेच्या तावडीतून सुटला असे आपल्याला वाटते. ग्रेगरींना ते पटले असते की नाही, शंका आहे.

कोकणच्या ताटाविषयीही थोडे बोलले पाहिजे. सकाळची पेज, उकड्या तांदळाचा भात, कुळथाचे पिठले, नाचणीची भाकरी, बांगडा मिळाला तर बांगडा, नाही तर सुकट, आणि शेवटी सोलकढी. कष्टाच्या शरीराला हा आहार पिढ्यान्पिढ्या पुरला. शहरातून आलेल्या आहारपत्रकात मात्र ओट्स असतात, मोड आलेल्या कडधान्यांची वाटी असते, आणि नाचणी असलीच तर ती बिस्किटांच्या पुडीतून अवतरते. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हा आपल्या डोंगरउतारांवरच्या या गरीब धान्याला एकाएकी प्रतिष्ठा आली. आपल्या शेजारणीने भाजलेल्या भाकरीला ती आली नाही. अर्थात आहारतज्ज्ञांच्या बाजूनेही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. सुकटीत मीठ फार असते, आणि नांगर सोडून खुर्चीवर किंवा यंत्रासमोर आठ तास उभे राहणाऱ्या माणसाने पूर्वीइतकाच भात खावा, असा आग्रह आपण धरू शकत नाही. नाताळात नेवऱ्या आणि केक यांच्या बाबतीत आपण किती विवेकी असतो, हे सर्वांना ठाऊक आहे. रात्रपाळीचा प्रश्न तर फलकावर कोठेच नसतो. पहाटे तीनला भूक लागलेल्या माणसाला मिळते काय? बहुधा गोड चहा आणि बिस्किटे. पाळ्या कशा लावाव्यात हे कामगार ठरवीत नाही, तरी वजनाच्या काट्यावर उभा तोच राहतो.

रत्नागिरीच्या माणसाला कामावरच्या जेवणाचा अनुभव नवा नाही. या जिल्ह्याचे किती तरी पुरुष पिढ्यान्पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत गेले, एकेका खोलीत दाटीवाटीने राहिले आणि खानावळीत जेवले. त्या खानावळी बहुतेक बायका घरातच चालवीत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना करून अशा खानावळवाल्या स्त्रियांना सावकारांच्या पाशातून सोडविण्याचे काम हाती घेतले. पुढे १९८२ च्या संपाने गिरणगावाची चूलच विझविली, ती गोष्ट वेगळी. त्या खानावळीत कोणाला वांगे चालत नाही, कोणाचा उपवास कोणत्या वारी, कोण आजारातून उठला आहे म्हणून त्याला मऊ भात हवा, हे वाढणारीला माहीत असे. तिच्याकडे आहारशास्त्राची पदवी नव्हती, जेवणात तेल-तिखटही सढळ असेल, परंतु जेवणारा तिच्या लेखी एक आकडा नव्हता.

ख्रिस्तसभेने ताटात कधी हात घातला नाही, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. शुक्रवारचे मांसवर्जन आहे, राखेच्या बुधवारचा आणि उत्तम शुक्रवारचा उपवास आहे. परंतु ते नियमही साठीच्या आतबाहेरचे वय पाहतात, आजाऱ्याला व कष्टकऱ्याला सवलत देतात. या बाबतीत सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांची नियमावली आम्हांला फार उद्बोधक वाटते. मठवासीयांच्या जेवणाला त्यांनी एक संपूर्ण प्रकरण दिले. दोन शिजविलेले पदार्थ असावेत, म्हणजे एक न चालणाऱ्याला दुसरा खाता येईल. भाकर ठरलेल्या वजनाची असावी. काम अधिक कष्टाचे झाले असेल तर मठाधिपतीने वाढीव वाटा द्यावा. आणि पुढच्या प्रकरणाच्या आरंभी, पेयाचे माप सांगण्यापूर्वी, ते थबकतात. प्रत्येकाला देवाकडून वेगवेगळे दान मिळालेले आहे या संत पौलाच्या वचनाचा आधार घेऊन, इतरांच्या खाण्यापिण्याचे माप ठरविताना आपले मन कचरते, अशी कबुली ते देतात. ज्यांनी स्वेच्छेने आज्ञापालनाचे व्रत घेतले होते त्यांच्याविषयी ही कचर होती. ज्यांनी केवळ आठ तासांचे श्रम विकले आहेत त्यांच्याविषयी ती किती तरी अधिक असायला नको काय?

मालकाच्या हेतूचा प्रश्न यातूनच उभा राहतो. १९१४ साली हेन्री फोर्ड यांनी दिवसाला पाच डॉलर देऊ केले आणि त्याबरोबर कामगारांच्या घरी जाऊन त्यांचे राहणीमान, पिणे, काटकसर तपासणारे निरीक्षकही नेमले. मजुरी खरोखरच वाढली होती, आणि पाळतही खरी होती. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात कामगाराला नफ्याचे साधन समजणे लज्जास्पद ठरविले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्सेर्चेन्स’मध्ये श्रमाचा कर्ता मनुष्य आहे, तो उत्पादनाचे हत्यार नव्हे, हा विचार विस्ताराने मांडला. कामगार निरोगी राहिला तर रजा कमी घेईल, म्हणून त्याची साखर मोजायची, की तो मनुष्य आहे म्हणून? दोन्ही हेतू एकत्र नांदू शकतात, हे आम्हांला मान्य आहे. परंतु त्यांतला कोणता वरचढ आहे याची एक साधी खूण आहे. ज्याच्या आरोग्याने कंपनीचा काही लाभ होत नाही, त्याच्या ताटाची चौकशी होते काय?

त्या कारखान्यात आम्ही ही खूण लावून पाहिली. आरोग्य शिबिर कायम कामगारांसाठी होते. माल चढविणारे, आवार झाडणारे, बागेत राबणारे कंत्राटी कामगार त्या यादीत नव्हते. दुपारी ते फाटकाबाहेरच्या टपरीवर उभ्याने खात होते आणि तेल-साखरेचा फलक त्यांना दिसतही नव्हता. संत लूकच्या शुभवर्तमानातील लाजरही दारापाशीच पडलेला होता. त्या श्रीमंताने त्याला काही इजा केली होती असे कथेत कोठेही नाही.

कायद्याने याचा विचार पुष्कळ आधी केला आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात उपाहारगृहाची तरतूद केली, आणि त्याच्या व्यवस्थापन समितीत कामगारांचे प्रतिनिधी घेण्याचीही. २०२० साली संसदेने संमत केलेल्या संहितेत ती संख्या शंभरावर आणली आणि त्या शंभरांत कंत्राटी कामगारही मोजावेत असे स्पष्ट म्हटले. म्हणजे काय शिजावे हे खाणाऱ्यांनाही विचारावे, ही कल्पना या देशात स्वातंत्र्याइतकीच जुनी आहे.

निघताना आम्ही व्यवस्थापकांना विचारले की, आठवड्याचे पदार्थ कोण ठरवितो. ठेकेदार यादी करतो व आहारतज्ज्ञ ती तपासतात, असे त्यांनी सांगितले. कुळीथ का नाही, असे विचारल्यावर ते हसले आणि स्वतःच्या घरी आठवड्यातून दोनदा होतो म्हणाले. कामगारांची समिती आहे का? आहे, कागदावर आहे. तिची शेवटची बैठक केव्हा झाली, हे मात्र त्यांना आठवेना.