न दिसणाऱ्या लक्ष्याचा सेनानी

सावनेरपासून जवळच, नागपुरात अंबाझरीची आयुध निर्माणी आहे. तिथे घडणारे तोफगोळे ज्या तोफखान्यासाठी असतात, त्यातून लष्करप्रमुखपदी पोहोचलेले पहिले भारतीय अधिकारी म्हणजे जनरल पी. पी. कुमारमंगलम. त्यांचे वडील डॉ. पी. सुब्बरायन १९६२ मध्ये महाराष्ट्राचे राज्यपाल होते.

१८५७ च्या उठावाने धास्तावलेल्या इंग्रजांनी भारतीयांना मोठ्या तोफांपासून दूर ठेवले. त्यामुळे १९३३ मध्ये इंग्लंडमधील वुलिचच्या लष्करी अकादमीतून तोफखान्याचे अधिकारी होऊन बाहेर पडलेले कुमारमंगलम हे मोजक्या पहिल्या भारतीयांपैकी एक ठरले.

१९४२. दुसरे महायुद्ध. लिबियाचे वाळवंट, समोर जर्मन सेनापती रोमेलचे रणगाडे. तिथल्या शौर्याबद्दल त्यांना 'डीएसओ' हा ब्रिटिश लष्करी सन्मान मिळाला. पण ते शत्रूच्या हाती सापडले. इटलीतल्या छावणीतून निसटले, पुन्हा पकडले गेले. तरी मन खचले नाही.

तोफखान्याचे कामही असेच मोठ्या धीराचे. लक्ष्य बहुधा डोंगराआड असते. पुढे गेलेला निरीक्षण अधिकारी गोळा कुठे पडला ते कळवतो आणि मागे अंतर, वारा, तापमान यांचा हिशेब मांडला जातो. हिशेब चुकला, तर गोळा आपल्याच जवानांवर पडू शकतो.

सप्टेंबर १९६७ मध्ये सिक्कीमच्या सीमेवरील नथू ला खिंडीत भारतीय तोफांनी चिनी मोर्चे हादरवले, तेव्हा लष्करप्रमुख कुमारमंगलमच होते. १९६९ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी वन्यजीव रक्षणाचे काम केले.

सावनेर तालुक्यातल्या ज्या मुलामुलींना सैन्यात अधिकारी व्हायचे आहे, त्यांनी आज तोफखान्याच्या हिशेबात लागणाऱ्या त्रिकोणमितीचा धडा मन लावून सोडवावा.