मग बक्षीस कोण देतं?

२०२०च्या एप्रिलमध्ये मी पोफळीला घरी होतो. नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं, हिंजवडीतलं ऑफिस बंद, लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर. बाबा पॉवर हाऊसला शिफ्ट ड्युटी करत होते. लॉकडाउन असला तरी वीज थांबत नाही, त्यामुळे कॉलनीतल्या कित्येक घरांचं घड्याळ पूर्वीसारखंच चालू होतं. एका रात्री सेकंड शिफ्ट करून ते घरी आले तेव्हा मी मोबाइलवर पोकर खेळत होतो.

"पैसे लावलेस?"

"नाही. फ्रीरोल आहे. एन्ट्री फुकट, जिंकलो तर खरे पैसे."

त्यांनी डबा बेसिनमध्ये ठेवला, हात धुतले. "मग बक्षीस कोण देतं?"

"कंपनी. जाहिरात म्हणून."

"आणि कंपनीला कोण देतं?"

मला उत्तर माहीत होतं, पण पत्ते वाटले गेले होते आणि माझ्याकडे दोन राजे आले होते. मी "उद्या सांगतो" म्हणालो. तो उद्या यायला पाच वर्षं लागली.

फ्रीरोल ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तीन-चार हजार लोक, एकूण बक्षीस चार-पाच हजार रुपये, पहिल्या काही डझन लोकांना काहीतरी मिळतं. गमावण्यासारखं काहीच नसल्यामुळे पहिल्या दहा मिनिटांत अर्धं पब्लिक कुठल्याही पत्त्यांवर ऑल-इन जातं. तेव्हा शहाण्या माणसाचं काम एकच, हात बांधून बसणं. मग तीन तास, चार तास. शेवटी हातात पडतात पन्नास-साठ रुपये किंवा पुढच्या स्पर्धेचं तिकीट. तासाचा भाव काढला तर कॉलनीतल्या कँटीनमध्ये भांडी घासणं परवडलं असतं.

पण फ्रीरोल कुणी पैशासाठी खेळत नाही. आपण त्यात एक गोष्ट विकत घेत असतो. ख्रिस फर्ग्युसनची गोष्ट त्यातली सगळ्यात प्रसिद्ध. हा अमेरिकन माणूस कम्प्युटर सायन्समधला पीएच.डी., २००० सालचा पोकरचा जगज्जेता. २००६ साली त्याने ठरवलं की खात्यात शून्य ठेवून सुरुवात करायची, स्वतःचा एक डॉलरही टाकायचा नाही, फ्रीरोलपासून सुरुवात करून दहा हजार डॉलरपर्यंत जायचं. गेला. सुरुवातीचे कित्येक महिने काही डॉलरच्या आसपास घुटमळत होता, पण दीडेक वर्षात पोचला. त्याचे नियम आम्हा सगळ्यांना पाठ होते: कॅश गेममध्ये जवळच्या एकूण रकमेच्या पाच टक्क्यांहून जास्त घेऊन बसायचं नाही, मोठ्या टूर्नामेंटला दोन टक्क्यांहून जास्त नाही, टेबलावर दहा टक्क्यांहून जास्त जमले की उठायचं. नॉर्वेच्या ॲनेट ओब्रेस्टाडची गोष्ट तर आणखी भन्नाट. पंधराव्या वर्षी फ्रीरोलपासून सुरुवात, आणि २००७ साली लंडनमध्ये, एकोणिसावं लागायच्या आधी, दहा लाख पौंडांचं बक्षीस. आपण खात्यात कधीच पैसे भरले नाहीत असं ती सांगते. (पुढे तिने पोकर जवळजवळ सोडलं आणि यूट्यूबवर मेकअपचे व्हिडिओ करायला लागली. मला या गोष्टीतला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो.)

या गोष्टींची मोहिनी मध्यमवर्गीय मुलाला का पडते, हे सांगायला नको. त्यात बापाचा पैसा नाही, कर्ज नाही, वशिला नाही. शून्यातून वर. आणि मुख्य म्हणजे त्यात जुगार दिसतच नाही, शिस्त दिसते. मी एक्सेल शीट केली होती. रोजचे तास, रोजचा हिशोब, पाच टक्क्यांची मर्यादा ओलांडली तर सेल लाल. आईला ती शीट दाखवली तेव्हा ती म्हणाली, "अभ्यास इतका केला असतास तर." दीड वर्षात शून्याचे चाळीसेक हजार झाले. नोकरी सोडायचा विचार मी गंभीरपणे करत होतो. कोकणातल्या घरी राहायचं, भाडं नाही, रात्री खेळायचं. पोकरमध्ये करिअर करणारे लोक आता आपल्याकडेही होते, त्यांच्या मुलाखती येत होत्या.

आणि कुणी नाक मुरडलंच तर आमच्याकडे हुकमाचं पान होतं: "हा गेम ऑफ स्किल आहे."

हे पान आपल्या कायद्यात जुनं आहे. १८८७च्या मुंबईच्या जुगार प्रतिबंधक कायद्यातच निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयासमोर चमारबागवाला यांचा खटला आला. ते बेंगळुरूहून शब्दकोड्यांची बक्षीस-स्पर्धा चालवत, आणि तिचे पैसे भरणारे लोक मुंबई राज्यातही होते. न्यायालयाने ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्ताचा आणि महाभारताचा दाखला देत सांगितलं की जुगार हा व्यापार मानता येणार नाही. पण त्याच वर्षीच्या निकालांमधून हेही पक्कं झालं की ज्या स्पर्धेत मुख्यतः कौशल्य लागतं ती जुगारात मोडत नाही. १९६७ साली रमीला कौशल्याचा खेळ मानलं गेलं, कारण कोणती पानं गेली ते लक्षात ठेवावं लागतं. तीन पत्त्यांचा खेळ मात्र निव्वळ नशिबाचा. म्हणजे दिवाळीत आजीआजोबा चार-चार आणे लावून बसतात तो जुगार, आणि मी शीट उघडून रात्री दोन वाजता करतो ती कौशल्याची स्पर्धा.

कायद्याला कुठेतरी रेघ मारावी लागते, हे मला कळतं. पण नीतीच्या बाजूने पाहिलं तर ही रेघ उलटी आहे असं मला आता वाटतं.

निव्वळ नशिबाच्या खेळात, मधे खानावळवाला नसेल तर, दोघांची शक्यता सारखी असते. आज तुझे गेले, उद्या माझे जातील. कुणी कुणाला खात नाही. कौशल्य जसजसं वाढतं तसतसं हे समान राहत नाही. मी जितका चांगला, तितकं समोरच्याचं हरणं नक्की. एका हातात नाही, एका रात्रीत नाही, पण महिन्याभरात नक्की. माझं कौशल्य म्हणजे त्याचं नशीब काढून घेण्याची कला. शकुनी हा सभापर्वातला सगळ्यात कुशल खेळाडू. फाशांवरचं प्रभुत्व तो स्वतःच मिरवतो. आपल्या कायद्याने पाहिलं तर त्याच्या वकिलाची बाजू युधिष्ठिरापेक्षा भक्कम आहे.

पोफळीत वाढलेल्या माणसाला हे समजायला खरं तर वेळ लागू नये. आमच्याकडे पाणी सह्याद्रीच्या पलीकडून, शिवाजीसागरातून बोगद्याने येतं, चारशे मीटरहून जास्त खाली पडतं आणि डोंगराच्या पोटातली टर्बाइनं फिरवतं. टर्बाइन कितीही उत्तम असू दे, वरच्या आणि खालच्या पातळीत फरक नसेल तर ते फिरत नाही. बाबा या फरकाला 'हेड' म्हणतात. पोकरमध्ये त्याला 'एज' म्हणतात. आणि व्यावसायिक खेळाडूचं निम्मं कौशल्य पत्त्यांत नसतंच. ते असतं जिथे फरक जास्त आहे असं टेबल शोधण्यात. दारू पिऊन खेळणारा, हरलेलं परत मिळवायला बसलेला, झोप न झालेला. ॲपमध्ये मी अशा खेळाडूंच्या नावापुढे हिरवा ठिपका ठेवायचो. सगळेच ठेवतात. हिरवा म्हणजे या, बसा.

इथे नेहमीचे आक्षेप येतात, आणि ते पोकळ नाहीत. कॅम्पस इंटरव्ह्यूमध्ये माझी निवड झाली म्हणजे दुसऱ्या कुणाची झाली नाही. शेअर बाजारात रोज ट्रेडिंग करणारा कुणाच्या तरी चुकीवरच कमावतो. समोरचा सज्ञान आहे, स्वतःहून बसलाय. इंटरव्ह्यूचं उत्तर सोपं आहे: नोकरीतून पुढे काहीतरी काम होतं, पोकरच्या टेबलावर मात्र जेवढे रुपये आले त्यापेक्षा कमीच बाहेर जातात, कारण मधे कंपनीचा रेक कापला जातो. ट्रेडिंगचं उत्तर माझ्याकडे नाही. कदाचित तोही आक्षेप खराच आहे. सज्ञान माणसाचा मुद्दा मला सगळ्यात जास्त पटायचा. पणजीला बोटीवरच्या कॅसिनोत वर्षातून एकदा दहा हजार उडवणारा माणूस करमणूक विकत घेतो, त्याच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण माझी शीट मी पुन्हा तपासली तेव्हा दिसलं की जिंकलेल्या पैशाचा मोठा भाग रात्री एक ते चारमधला होता, आणि तीच ती दहा-बारा नावं पुन्हा पुन्हा येत होती. हा करमणुकीचा वेळ नाही. त्या वेळी त्यांनी दिलेल्या संमतीला मी किती संमती मानायची?

आता मित्राबद्दल. त्याचं नाव लिहीत नाही. शाळेपासूनचा, चिपळूणला बाजारात मोबाइल दुरुस्तीचं दुकान. २०२१च्या सुरुवातीला मी एका टूर्नामेंटमध्ये तिसरा आलो आणि स्क्रीनशॉट स्टेटसला टाकला. त्याचा लगेच मेसेज: "भाई शिकव ना." मी फ्रीरोल शिकवले, फर्ग्युसन सांगितला, पाच टक्के सांगितले. आणि माझा रेफरल कोड दिला. त्याने त्या कोडने खातं उघडलं की तो जे खेळेल त्याच्या रेकमधला छोटासा वाटा काही महिने माझ्या खात्यात येणार होता. त्यालाही बोनस होता, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

जुलैमध्ये चिपळूणला पूर आला. दुकान माळ्यापर्यंत पाण्यात गेलं, गिऱ्हाइकांचे फोनसुद्धा. आम्ही चार दिवस चिखल काढत होतो. त्यानंतर तो फ्रीरोल खेळायचा बंद झाला. तो थेट पैसे भरून खेळायला लागला, आणि पाच टक्क्यांचा नियम, जो मला एक्सेलच्या लाल सेलमुळे पाळता यायचा, तो डोक्यावर कर्ज असलेल्या माणसाला पाळता येत नाही. शिस्त ही मी माझा गुण समजत होतो. ती बरीचशी माझ्या पगाराची होती. किती गेले ते त्याने मला सांगितलं नाही, त्याच्या बायकोने सांगितलं.

मी त्याच्याबरोबर एकाही टेबलावर बसलो नाही. त्याचा एक रुपयाही मी पत्त्यांवर जिंकलो नाही. पण शीटमध्ये 'रेफरल' नावाचा कॉलम होता आणि त्या ऑगस्ट-सप्टेंबरात तो फुगलेला दिसत होता. मी तो बघितला होता, आणि छान वाटलं होतं.

फर्ग्युसनच्या गोष्टीचा उत्तरार्धही मी नंतरच वाचला. ज्या कंपनीच्या साइटवर त्याने शून्याचे दहा हजार केले, तिच्या संचालकांत तो स्वतः होता. २०११ साली उघड झालं की कंपनीने खेळाडूंचे पैसे वेगळे ठेवलेलेच नव्हते आणि परत द्यायला पुरेशी रक्कम नव्हती. पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीने ती विकत घेतली, तेव्हा कुठे खेळाडूंना पैसे परत मिळण्याचा रस्ता मोकळा झाला. फर्ग्युसनने २०१३ साली, कुठलीही चूक मान्य न करता, सरकारशी दिवाणी तडजोड केली. पाच टक्क्यांचे नियम त्यामुळे चुकीचे ठरत नाहीत. ते अजूनही उत्तम आहेत. ते फक्त खेळणाऱ्याला वाचवतात, बाकी कुणाला नाही.

मी नोकरी सोडली नाही. हळूहळू खेळणं कमी झालं. २०२३च्या ऑक्टोबरपासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला तेव्हा उरलेलंही परवडेना. २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, आणि त्यात कौशल्य की नशीब हा प्रश्नच बाजूला ठेवला. बंदी हे उत्तर आहे का, याबद्दल मला शंका आहे. मटकाही बंदच होता, आणि वरळीपासून कल्याणपर्यंत त्याचे आकडे सगळ्यांना माहीत असायचे. पण त्या कायद्यातलं ते एक वाक्य वाचून मला बाबांची आठवण झाली. त्यांनीही पत्ते कसे खेळतात ते विचारलं नव्हतं.

ॲपने शिल्लक बँकेत परत पाठवली. गणपतीला घरी गेलो तेव्हा बाबांना उत्तर सांगितलं. ते म्हणाले, "ते मला तेव्हाच माहीत होतं. तुला माहीत आहे का, ते विचारत होतो."

दुसऱ्या दिवशी चिपळूणला गेलो. दुकान आता त्याच बाजारात, पण वरच्या मजल्यावर. मी मित्राला रेफरलच्या कॉलमची बेरीज दाखवली आणि तेवढे पैसे देऊ केले. आकडा फार मोठा नव्हता. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग फोन मला परत देत म्हणाला, "ठेव तुझ्याकडेच. ते कोर्टात गेलंय ना प्रकरण? परत चालू होतील का रे?"