छावणी आणि अहंता

तरुणांनी आठ-दहा दिवस घरदार सोडून एखाद्या शिबिरात राहावे, पहाटे उठून अंग मोडेपर्यंत श्रम करावेत, व्याख्याने ऐकावीत, आणि परतताना व्यक्तिमत्त्वाचा विकास झाल्याचे समाधान व हल्ली तर तशी रीतसर सनदही बरोबर न्यावी, ही आता आपल्याकडील रुळलेली वहिवाट आहे. आणि सकृद्दर्शनी तिच्याविषयी तक्रार करण्यास काही कारण दिसत नाही. तथापि ज्या परंपरेने अहंतेला सर्व बंधनांचे मूळ मानले, तिच्यात वाढलेल्या मनुष्याला येथे एक शंका छळल्यावाचून राहत नाही. हा विकास झाला तो नेमका कोणाचा? वेदान्ताच्या मते आत्मा वाढतही नाही आणि घटतही नाही. तेव्हा वाढण्याजोगा जो उरतो तो अहंकारच असण्याचा संभव मोठा, आणि नेतृत्वाचे शिक्षण म्हणजे त्या अहंकाराच्या हाती दिलेले मुखत्यारपत्र ठरण्याची धास्ती त्याहूनही मोठी. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंत अर्जुनाला लोकसंग्रहासाठी कर्म करावयास सांगतात, आणि अवघ्या काही श्लोकांच्या अंतराने, स्वतःला कर्ता समजणारा अहंकाराने मूढ झालेला असतो, असेही बजावतात. लोकांच्या पुढे तर चालावयाचे, पण चालविणारा मी आहे असे मात्र मानावयाचे नाही, ही अट विसाव्या वर्षीच्या मुलाने पाळावी तरी कशी?

भाष्यकारांनी या प्रश्नाचा पुष्कळ ऊहापोह केला आहे. मला मात्र त्याचा उलगडा व्हावयास चंद्रपूर जिल्ह्यातील, मूल तालुक्यातले सोमनाथ अधिक उपयोगी वाटते. बाबा आमटे यांनी १९६७ च्या सुमारास तेथे तरुणांची श्रमसंस्कार छावणी भरविण्यास आरंभ केला, आणि पुढे मे महिन्याच्या मध्यास ती भरण्याचा प्रघात पडला. त्या मुलखातील मे म्हणजे काय हे ज्यांनी ते ऊन सोसले आहे त्यांना सांगावयास नको. सकाळचा दुसरा प्रहर सरण्याच्या आतच टिकावाचा दांडा हाताला भाजू लागतो. शहरांतून आलेली मुले-मुली पहाटे फावडी-घमेली घेऊन बांधबंदिस्तीच्या किंवा खोदाईच्या कामावर जातात, दुपारी सावलीत बसून विचारवंतांची भाषणे ऐकतात, वादविवाद करतात, रात्री गाणी म्हणतात. येथवर ही छावणी इतर शिबिरांसारखीच. परंतु तिचे यजमान निराळे आहेत. जंगल तोडून, दगड वेचून ती जमीन ज्यांनी पिकती केली ते कुष्ठरोगातून मुक्त झालेले, आणि तरीही स्वतःच्या गावाने परत न घेतलेले लोक होत. दुःखितांची सेवा करावयाची म्हणून जो मुलगा उदार अंतःकरणाने तेथे येतो, त्याला टिकाव कसा धरावा हे शिकविणाऱ्याच्या हाताला कदाचित पुरती बोटेही नसतात.

प्रसंग लहान, पण तत्त्वदृष्ट्या मला तो फार मोलाचा वाटतो. सेवेत दडलेली अहंता ही सत्तेतील अहंतेपेक्षा ओळखावयास अधिक कठीण, कारण ती विनयाचा वेष घेऊन वावरते. देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली, ही व्यवस्था दानधर्मात इतकी मुरलेली असते की ती दात्याच्या लक्षातही येत नाही. सोमनाथला तो हात आपोआप खाली येतो. कर्तेपणाचा त्याग करा, असा उपदेश तेथे कोणी केला नाही तरी चालते, कारण आपल्याहून कुशल कर्ता समोर उभा असतो.

खुद्द बाबांच्या आयुष्यातील वळणही अशाच एका पराभवातून आले. मालगुजाराचा मुलगा, नावाजलेला वकील, वरोरा नगरपालिकेचा उपाध्यक्ष. भंग्यांबरोबर मैला वाहण्यापर्यंत ज्याची मजल गेली त्या माणसाला आपल्या निर्भयतेचा विश्वास वाटला असल्यास नवल नाही. पण भर पावसात गटाराकाठी पडलेला, कुष्ठरोगाने झडलेला तुळशीराम नावाचा मनुष्य दृष्टीस पडताच ते भयाने पळाले. मागाहून परतले, त्याची शुश्रूषा केली. आणि पुढे १९४९ साली महारोगी सेवा समिती व तिच्यातून कुष्ठरुग्णांची वसाहत आनंदवन उभे राहिले. स्वतःविषयीची एक भव्य कल्पना भंगली नसती, तर कदाचित एक यशस्वी लोकनेता आपल्याला लाभला असता, यापलीकडे काही नाही.

यावर कोणी म्हणेल, आठ दिवसांत कसली अहंता जाते? हा आक्षेप रास्त आहे. स्मशानवैराग्य आपल्या लोकांना पुरते ठाऊक आहे, आणि मनाला आवरावयाचे तर वैराग्याबरोबर अभ्यासही हवा, हे गीतेनेच सांगून ठेवले आहे. छावणीतून अभ्यास मिळत नाही. फार तर त्याची गरज जाणवते. किंबहुना सोमनाथला जाऊन आल्याचाच एक सूक्ष्म ताठा जडण्याचा धोका असतो, आणि तो जडलेली माणसे सभासंमेलनांतून आढळतातही. म्हणून शिबिराची फलश्रुती शिबिरातच मोजण्याचा खटाटोप मला व्यर्थ वाटतो. घरी परतलेला मुलगा आईच्या हातची घागर घेतो की नाही, धुणेभांडी करणाऱ्या बाईंशी कोणत्या स्वरात बोलतो, याची नोंद कोणत्याच दप्तरात होत नाही.

नेतृत्वाच्या मूळ प्रश्नाकडे परतताना समर्थ रामदासांचे स्मरण होते. महंताने आणखी महंत घडवावेत, अशी त्यांची अपेक्षा होती. स्वतःवाचून अडणार नाही अशी तजवीज करणारा तो पुढारी. बाबांना मणक्याच्या व्याधीमुळे बसणे अशक्य झाले होते, ते एक तर उभे राहत किंवा आडवे पडत. आणि अशा अवस्थेत १९८५ साली त्यांनी कन्याकुमारीहून काश्मीरकडे भारत जोडो यात्रा नेली, तेव्हा सायकली हाणणारे पाय तरुणांचे होते. ९ फेब्रुवारी २००८ रोजी बाबा निवर्तले. छावणी त्यानंतरही भरत राहिली, आणि बाबांना कधी पाहिलेही नाही अशी मुले तिच्यात टिकाव धरावयास शिकू लागली; त्यांना शिकविणारे मात्र पुष्कळदा तेच जुने, थिटे हात होते.