नाव आणि संख्या

भाद्रपद वद्य चतुर्दशीस शस्त्राने मृत्यू आलेल्यांचे श्राद्ध करावे, अशी आपली परंपरा आहे. पुरोहिताच्या घरात वाढल्यामुळे आम्ही पाहत आलो आहो की, तर्पणाच्या वेळी यजमानास पितरांचे नाव व गोत्र विचारतात. पराक्रम कोणी विचारीत नाही. रणात गेलेल्या पूर्वजाचा शोध घेऊ इच्छिणाऱ्यांनी एवढे ध्यानी धरावे.

आदिलाबादेतील एखाद्या मराठी घरीही ‘पणजोबा पलटणीत गेले ते परतलेच नाहीत’ एवढीच हकीकत उरली असेल. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानचे सुमारे ७४,००० सैनिक मृत्यू पावले. इराकातील कूत येथे १०३ व ११० क्रमांकांच्या मराठा पलटणी वेढ्यात सापडल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील फौज शरण गेली आणि पुढे कैदेत कित्येक शिपाई भुकेने व रोगाने मेले. बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या सैनिकांची नावे कोरली गेली. सामान्य हिंदी शिपायांची मात्र केवळ संख्या. युद्धसमाधींची व्यवस्था पाहणाऱ्या राष्ट्रकुल मंडळाने अशा भेदभावाबद्दल २०२१ साली क्षमा मागितली.

परंतु संख्येस तिलांजली देता येत नाही. ती नावासच द्यावी लागते. म्हणूनच हा शोध म्हणजे पितृऋणाचाच एक भाग होय.

कोणी म्हणेल, ते युद्ध परक्या राजाचे; त्याची आठवण कशास? आमच्या मते हा विचार योग्य नव्हे. युद्ध न्याय्य होते की नव्हते, याचा निवाडा इतिहासाने खुशाल करावा. पोटासाठी पलटणीत शिरलेल्या माणसाशी असलेले आपले नाते त्या निवाड्यावर अवलंबून नाही.

याच्या उलट मोहही वाईट. पूर्वज खेचरे हाकणारा असेल, डोलीवाला असेल, तापाने गेला असेल. त्याला खोटे शौर्य चिकटवले, तर आपण त्याच्या जागी दुसराच माणूस उभा करतो आणि तो पुन्हा एकदा हरवतो.

शोधाची साधने आहेत. जुन्या पदकाच्या कडेवर बहुधा क्रमांक, नाव व पलटण कोरलेली असते. राष्ट्रकुल मंडळाची नोंद सर्वांस खुली आहे. तीत अनेकांच्या नावापुढे पित्याचे नाव व गावही सापडते. मात्र इंग्रजी अक्षरांत नावे वाकडीतिकडी झालेली असतात. ती निरनिराळ्या प्रकारे लिहून पाहावीत. वंशावळीसाठी त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या उपयोगी पडतात.

उशीर झाला, असे समजू नये. इंग्लंडात ब्रायटनजवळ ५३ हिंदू व शीख सैनिकांचे दहन झाले होते. १९२१ साली तेथे छत्री उभी राहिली. त्यांची नावे मात्र २०१० साली शिळेवर कोरली गेली. तिथी न सापडली, तर सर्वपित्री अमावास्या आहेच. घरातील वृद्धांस आजच विचारावे. त्यांच्या मुखातील नाव अजून कोठेही लिहिलेले नसेल.