दरवाज्यामागचे वळण

एखादी जागाच कलाकृतीचा भाग बनवून पाहणाऱ्याला तिच्याभोवती किंवा तिच्यात वावरायला लावणारी रचना म्हणजे मांडणशिल्प, ही ढोबळ व्याख्या मान्य केली, तर दिवाळीत पुण्याच्या वाड्यांत आणि सोसायट्यांच्या आवारात उभा राहणारा मातीचा किल्ला हे दुर्गस्थापत्याचा गौरव करणारे शहरातील सर्वांत व्यापक मांडणशिल्प ठरते. त्याकडे पोरांचा उद्योग म्हणून पाहण्याची सवय जडल्यामुळे त्यात किती स्थापत्यविचार खर्ची पडतो, याची दखल कलाचर्चेत सहसा घेतली जात नाही.

याच हेतूचा अधिक खर्चिक प्रयोग म्हणजे शनिवारवाड्यातील ध्वनिप्रकाशाचा खेळ. थोरल्या बाजीरावांनी १७३० मध्ये पाया घातलेल्या आणि १७३२ मध्ये वास्तुशांत झालेल्या या वाड्याचे लाकडी मजले १८२८च्या आगीत भस्मसात झाले. उरली ती तटबंदी, पाच दरवाजे, कारंजी आणि इमारतींची जोती, म्हणजे ज्यांवर भिंती उभ्या होत्या ते दगडी चौथरे. दिल्ली दरवाज्याच्या प्रत्येक फळीवर हत्तीच्या गंडस्थळाच्या उंचीला बहात्तर अणकुचीदार खिळे आहेत, आणि आत शिरणारी वाट सरळ न जाता आधी उजवीकडे व लगेच डावीकडे वळते, जेणेकरून दरवाजा फुटलाच तरी शत्रूचा वेग तिथेच मोडावा. खिळे प्रत्येक पर्यटकाच्या छायाचित्रात येतात. वळणावरून तो चालत जातो, पण ते कशासाठी आहे हे त्याला कोणी सांगत नाही. खुर्चीत बसलेल्या प्रेक्षकासाठी भिंतीवर टाकलेला प्रकाश पेशवाईची कथा रंगवतो खरी, परंतु दुर्गस्थापत्याचे मर्म दर्शनी भागात नसून वाटेत असते, आणि वाट बसून कळत नाही.

मातीच्या किल्ल्यात मात्र ही अडचण हातालाच येऊन भिडते. विटा-दगडांचा ढीग, त्यावर चिखलात बुडवलेले गोणपाट, उतारावर पेरलेले हळीव, आणि कुंभारवाड्यातून आणलेले मावळे, एवढ्या सामग्रीत डोंगर आधी उभा राहतो आणि किल्ला त्याच्या चढउतारांना धरून मागाहून येतो. ११ जुलै २०२५ रोजी शिवनेरी, लोहगड व राजगड या पुणे जिल्ह्यातील तिघांसह बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, तेव्हा त्यांचा समावेश सुट्या वास्तू म्हणून नव्हे, तर मराठ्यांचा लष्करी भूप्रदेश म्हणून झाला. डोंगर आणि तट वेगळे काढता येत नाहीत, हा त्यामागचा विचार गोणपाट अंथरणाऱ्याला अनुभवाने ठाऊक असतो.

अलीकडे अनेक मंडळे काल्पनिक गडाऐवजी विशिष्ट किल्ल्याची प्रतिकृती नकाशा समोर ठेवून करतात, हा बदल महत्त्वाचा आहे. रायगडाचा महादरवाजा करायचा तर गोमुखी रचना, म्हणजे दोन बुरूज पुढेमागे सरकवून त्यांच्या कवेत दरवाजा असा दडवणे की खालून येणाऱ्याला तो दिसूच नये, ही चिखलात साधावी लागते. आणि ती साधली की तयार झालेल्या किल्ल्याचा दरवाजा समोरून दिसत नाही, म्हणून बघ्यांची तक्रार सुरू होते. ती तक्रार म्हणजे प्रतिकृती जमल्याची पावतीच होय. राजगडाच्या संजीवनी माचीचे दुहेरी तट आणि चिलखती बुरूज, म्हणजे मूळ बुरुजाला बाहेरून घातलेले दुसऱ्या बुरुजाचे कवच, यांचेही तसेच: दोन भिंतींमधली चिंचोळी फट ठेवल्याखेरीज बाहेरचा तट ओलांडणारा शत्रू आत कसा कोंडला जाई, हे उमगत नाही. बाजारात मिळणारे प्लास्टरचे तयार किल्ले ही फट बुजवून टाकतात. अर्थात घरगुती किल्लेही निर्दोष नसतात. दरवाज्यापेक्षा पहारेकरी उंच आणि बुरुजापेक्षा तोफ मोठी, हे प्रमाण बहुतेक ठिकाणी खटकते.

शनिवारवाड्यात आज जी जोती पायाखाली येतात, त्यांच्याच कडांवर प्रकाशाची रेघ ओढली, तर कथानकाचा एकही शब्द न उच्चारता जळालेल्या दालनांचा आणि चौकांचा आराखडा जमिनीवर उमटेल. दिल्ली दरवाज्याच्या आतील वळणापासून ती रेघ सुरू केली, तर प्रेक्षकाला उठून चालावेही लागेल.